सावकाशराव आणि जुना कर्नल

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे सावकाशराव म्हणतात. तोंडावर 'भाऊ', पाठ वळली की सावकाशराव. कॉम्प्युटरसमोर बसले की प्रत्येक आज्ञा आधी मोठ्याने म्हणायची, मग स्वतःलाच "सावकाश" असं बजावायचं आणि मगच एंटर दाबायचं, ही ह्यांची पद्धत. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, हे माझ्याशीच बोलतायत. "काय म्हणालात?" म्हणत मी हात पुसत बाहेर यायची, तर हे पडद्याला समजावत असायचे. कॉम्प्युटरशी बोलले त्याच्या निम्मं जरी माझ्याशी बोलले असते, तरी आमचा संसार गप्पिष्ट म्हणून गाजला असता. पण रोज कानावर पडून पडून ती बडबड मला पाठ झाली. अर्थ कळायचा नाही, चाल पाठ.

कारखाना काचेचा आहे. म्हणजे काच तयार होत नाही, कापली जाते. खिडक्यांच्या काचा, टेबलांच्या काचा, आरसे, मासे पाळायच्या पेट्या. पुढच्या खोलीत मी बसते, लोकांकडून मापं लिहून घेते आणि "उद्या नक्की" असं बिनदिक्कत खोटं सांगते. मागच्या शेडमध्ये कटिंग टेबल आहे. खोलीभर पसरलेलं, वर करडं जाड कापड ताणलेलं. त्याच्यावरून एक लोखंडी पूल सरकतो आणि पुलाखालचं बारीक चाक काचेवर रेघ ओढत जातं. रेघ ओढून झाली की पट्टीताई काच कडेला आणते, दोन्ही हातांनी दाबते, टक् असा आवाज होतो आणि काच सांगितल्यासारखी तुटते.

पट्टीताई ही आमची कटिंगवाली. कुठल्या ना कुठल्या बोटाला कायम चिकटपट्टी, म्हणून पट्टीताई. चाळिशीची, खांदे पैलवानासारखे, बोलणं अगदी मोजकं. ह्या धंद्यात टेबलावर बाई कुणी उभी करत नाही. ठिकठिकाणी नकार ऐकून ती आमच्याकडे आली तेव्हा मालकांनीही नाक मुरडलं होतं. "महिनाभर बघू" म्हणाले, आणि तो महिना काही संपला नाही. पण मालकांच्या मेव्हण्याचा त्या टेबलावर कधीपासून डोळा होता, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यामुळे बाई सतत परीक्षेला बसल्यासारखी काम करायची.

ते टेबल चालवतो एक जुनाट कॉम्प्युटर. टेबल बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. कंपनी बुडाली तशी टेबलाचीही तिरडी बांधायची वेळ आली होती, पण आमच्या ह्यांनी ते होऊ दिलं नाही. हे मूळचे वायरमन. वाचून, खटपट करून, घरातली निम्मी उपकरणं उघडी पाडून हे कॉम्प्युटर शिकले. त्यांनी त्या डब्यात लिनक्स नावाची सिस्टिम घातली आणि टेबल पुन्हा चालतं केलं.

"कर्नल म्हणजे काय हो?" असं मी एकदा विचारलं होतं. हे खुलले. म्हणाले, "कर्नल म्हणजे मुकादम. वरून प्रोग्राम सांगणार काय हवं ते, खाली यंत्रं ती कामं करणार, आणि मधे हा. कुणाला कधी कामाला लावायचं ते ह्याच्या हातात. मुकादम आला नाही तर कारखाना उघडणार कसा?" ह्या टेबलाचा मुकादम मात्र खास होता. चाकाला इशारा जायला पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी रेघ वाकडी, म्हणून वेळेला पक्का असा जुना कर्नल ह्यांनी शोधून बसवला होता. नवे कर्नल येतच असतात, अपडेट म्हणून. ते ह्या टेबलाला ओळखत नाहीत. म्हणून ह्यांनी कर्नलला कुलूप घातलेलं होतं. बाकी काहीही बदला, ह्याला हात लावायचा नाही. कुलपाचा पासवर्ड एकट्या ह्यांच्याकडे.

तर त्या दिवशी सकाळी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, पट्टीताईने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. हा नियमही ह्यांचाच. सुट्टीच्या दिवशी मशीन चालू ठेवायचं, म्हणजे हे घरून बघू शकतात, आणि आठवडा सुरू होताना एकदा बंद-चालू करायचं. तिने ते केलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर गेली, आणि थांबली. थांबली ती थांबलीच. मशीन सुरूच होईना.

हे धावत शेडमध्ये गेले. मीही मागोमाग गेले, कारण पुढे गिऱ्हाईक नव्हतं आणि ह्यांना धावताना बघायची सवय मला नव्हती. ह्यांनी पडदा वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कर्नल पॅनिक. म्हणजे मुकादम घाबरून मटकन खाली बसला. त्याला डिस्कच सापडत नव्हती. ह्यांनी पुन्हा चालू केलं, मधेच एक बटण दाबून यादी उघडली. त्या यादीत नेहमी जुना कर्नल असायचा. तिथं एकच नाव होतं, आणि ते नवं होतं.

"कुणीतरी कर्नल बदललाय," हे म्हणाले. "आणि जुना काढून टाकलाय. साफ!"

मग त्यांनी पट्टीताईकडे वळून पाहिलं. "तू काय दाबलंस?"

तू. इतकी वर्षं 'ताई, तुम्ही' म्हणणारा माणूस. पट्टीताईच्या हातातला हातमोजा तसाच राहिला.

"काही नाही दाबलं, भाऊ. बंद केलं, चालू केलं. तुम्हीच सांगितलंय तसं."

"मग हे काय आपोआप झालं? अपडेटचा चौकोन आला असेल, तू दाबला असशील!"

"नाही दाबला."

"खोटं बोलू नकोस!"

ह्यांचा आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. मी ह्यांना उभ्या आयुष्यात असं ओरडताना ऐकलं नव्हतं. आमची मुलगी लहानपणी ह्यांचा अख्खा रेडिओ बादलीत बुडवून बसली होती, तेव्हासुद्धा हे "वाळेल" एवढंच म्हणाले होते.

आवाज ऐकून मालक आले. बाहेर ट्रक यायचा होता, एका शाळेच्या सगळ्या खिडक्या त्यात जायच्या होत्या, आणि त्यातली एकही कापलेली नव्हती. मालकांनी ह्यांना बाजूला घेतलं, पण इतक्या मोठ्याने की सगळ्यांना ऐकू यावं. "भाऊ, स्पष्ट सांगा. हिनेच केलं ना?"

"हिनेच. दुसरं कोण बसतं इथे?"

"झालं तर मग." कुलपाचा पासवर्ड कुणाकडे असतो हे विचारायलाही न थांबता मालक पट्टीताईकडे वळले. "आजचा दिवस भरा. उद्यापासून येऊ नका."

पट्टीताई रडली नाही, भांडली नाही. तिने मोजे टेबलाच्या कडेला ठेवले आणि ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मला तिचा राग आला. अगं बाई, तोंड आहे ना तुला? ओरड की! पण राग खरा तिचा नव्हता. तो माझा मलाच आला होता. कारण जुना कर्नल कुणी काढला हे मला माहीत होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी हे घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. मी समोर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. हे नेहमीसारखे बडबडत होते. "बूटचा कप्पा भरला. जागा करायला हवी. सावकाश. कुलूप काढू. सावकाश. नवा घेऊ. हा सगळ्यात जुना, ह्याची गरज नाही." मग जरा थांबले आणि त्यांनी पडद्यावरचं वाचलं, "चालू असलेला कर्नल तुम्ही काढताय. थांबायचं का?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "नाही." मग टक् करून एंटर. मी उशीचे अभ्रे निराळे काढत होते. मला त्यात काय कळणार? मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, 'जुना काढून टाकलाय' हे शब्द ऐकले तेव्हा.

ह्यांनी काढला आणि ह्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलत नव्हते हे. खोटं बोलायला मुळात आठवावं लागतं.

हे पहिल्यांदा झालं असं नाही. मधे एकदा ह्यांनी मला चहा करून दिला. मी पीत होते तोच दुसरा कप घेऊन आले. "अहो, हा काय हातात आहे," म्हटलं तर रुसले, म्हणाले, "नको तर नको म्हण, थट्टा कशाला?" एकदा जेवताना विचारलं, "दादाचा फोन आला नाही बरेच दिवसांत." दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "येईल." दुसरं काय म्हणणार? मुलीचा फोन आला की "बाबा मजेत" म्हणून मी सांगायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटत होतं, घरातली गोष्ट घरात राहील. चहाचा एक कप जास्त झाला तर कुणाचं काय बिघडतं? पण त्या दिवशी मूठ दुसऱ्याच्या पोटावर पडली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं, आणि इथला चोरही बिचारा चोर नव्हता.

तरी मी तेव्हा गप्प राहिले. म्हटलं, आधी मशीन सुरू होऊ दे. ट्रक भरला की मालकांचा पारा उतरेल, सगळे विसरतील. विसरण्यावर माझा फारच भरवसा बसला होता तेव्हा.

हे कामाला बसले. किल्ल्यांच्या जुडग्यात ह्यांचा एक पेन ड्राइव्ह असतो. त्यात एक अख्खी छोटी सिस्टिम आहे आणि जुन्या कर्नलची प्रतही. घराचं कुलूप बिघडलं तर खिडकीतून आत शिरायचं आणि आतून कडी काढायची, तसलाच प्रकार. मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करायचं, मग डिस्कचे कप्पे त्याला जोडायचे, आतून मशीन दिसावं म्हणून ह्यांच्या भाषेत 'खिडक्या' उघडायच्या, मग त्या डिस्कच्या आत शिरायचं आणि तिथे जुना कर्नल पुन्हा बसवायचा. ह्यांची बोटं चालायला लागली आणि मला हायसं वाटलं. बोटं तीच होती. आवाज तोच. "मोठा कप्पा. सावकाश. खिडक्या. सावकाश. आता आत." पडद्यावर कुठे लाल अक्षर नाही, कुरकुर नाही. कर्नल बसला. पेन ड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं.

काळा पडदा. पॅनिक.

"असं कसं?" हे म्हणाले. पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा सगळं पहिल्यापासून. "मोठा कप्पा. सावकाश. खिडक्या. सावकाश. आता आत." पुन्हा सगळं सुरळीत, पुन्हा पॅनिक. मालक फोनवर ट्रकवाल्याला थोपवत होते. पट्टीताई भिंतीपाशी तशीच उभी. हे तिसऱ्यांदा बसले. कपाळावर घाम, मानेची शीर ताठलेली. "मोठा कप्पा. सावकाश. खिडक्या..."

"छोटा कप्पा," मी दारातून म्हणाले.

ह्यांनी मान वळवली.

"मोठा कप्पा, छोटा कप्पा, मग खिडक्या, मग आत. असं म्हणता तुम्ही नेहमी. छोटा राहिला."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. हे मागाहून कळलं की कर्नल राहतो तो त्या छोट्या कप्प्यातच, हे 'बूटचा कप्पा' म्हणतात तोच. तो जोडलाच नाही तर नवा आणलेला मुकादम भलत्याच खोलीत जाऊन बसतो, आणि मशीन आपलं जुन्या दाराशी वाट बघत राहतं. मला फक्त चाल माहीत होती, आणि चालीत एक शब्द गळत होता. देवळातल्या आरतीत एक कडवं सुटलं तर ठेका चुकतो आणि न कळणाऱ्यालाही कळतं, तसं.

"मला माहीत आहे!" हे खेकसले. पण बोटांनी छोटा कप्पा जोडला.

ह्या वेळी मशीन सुरू झालं. टेबलाच्या पुलाने जरा थरथरून आपली जागा घेतली, चाक खाली उतरलं. मालकांनी हात जोडले, कुणीतरी शिट्टी मारली. पट्टीताई पुढे आली, मोजे चढवले आणि पहिली काच टेबलावर घेतली. दिवसभर ती शाळेच्या खिडक्या तोडत होती. टक्, टक्, टक्. एकही काच वाकडी गेली नाही. ट्रक भरून गेला.

आणि मालक काही विसरले नाहीत. दुपार कलल्यावर ते पट्टीताईला म्हणाले, "हिशेब करून ठेवलाय, जाताना घेऊन जा." तिने ॲप्रन काढला, त्याची नीट घडी घातली, खुंटीवरची पिशवी घेतली. टेबलापाशी तिचं स्वतःचं तेलाचं बुधलं होतं, काचेवर फिरवायचं. तेही तिने आत टाकलं. तेव्हा माझा धीर सुटला.

हे मागच्या गल्लीत उभे होते, काचांच्या उभ्या पेट्यांच्या मधे, एकटेच. मी जवळ गेले.

"अहो, तिने केलेलं नाही."

"पुन्हा तेच?"

"काल संध्याकाळी तुम्ही केलंत. घरून."

"मी?" हे हसले. खरंच हसले. "कुलूप मी घातलंय. मी कशाला काढू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे," मी म्हणाले. बोलून गेले आणि जीभ चावावीशी वाटली. पण आता मागे फिरणं नव्हतं. मी डोळे मिटले आणि आदल्या संध्याकाळची सगळी चाल म्हणून दाखवली. बूटचा कप्पा भरला. जागा करायला हवी. कुलूप काढू. नवा घेऊ. हा सगळ्यात जुना, ह्याची गरज नाही. चालू असलेला कर्नल तुम्ही काढताय. थांबायचं का? नाही.

मी डोळे उघडले तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. हे शब्द मी मनाने रचणं शक्यच नाही, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मला साधा पासवर्ड टाकता येत नाही. हे शब्द ह्यांच्याच तोंडचे होते, आणि ते ह्यांना परके वाटत होते.

"असं मी म्हणालो?"

"हो."

"तू ऐकलंस?"

"समोरच तर बसले होते."

ह्यांनी काचेच्या पेटीवर हात टेकला. मला वाटलं, आता चिडतील, नाकारतील. मला ते चाललं असतं. माणूस भांडतो तेव्हा आहे तिथे असतो. पण हे हळूच म्हणाले, "दादाचं पण असंच काहीतरी आहे ना? तू 'येईल' म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. मी पदराने डोळे पुसले. मला रडायचं नव्हतं, पण रडले.

मग हे सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. पट्टीताई हिशेबासाठी तिथेच उभी होती. हे म्हणाले, "चूक माझी आहे. कर्नल मी बदलला. ह्यांचा काही संबंध नाही."

मालकांनी वर पाहिलं आणि हसून मान हलवली. "भाऊ, तुमचं मन मोठं आहे, मला माहीत आहे. सकाळी रागाने बोललात, आता वाईट वाटतंय. पण कुणाला तरी पाठीशी घालायला तुम्ही स्वतःवर घेऊ नका."

"मी खरं सांगतोय."

"अहो, तुम्ही? एंटर दाबायच्या आधी दहा वेळा विचार करणारा माणूस! तुम्ही कुलूप काढाल आणि चालू कर्नल उडवाल? आणि वर सकाळी दुसऱ्याचं नाव घ्याल? इतके कोडगे आहात का तुम्ही?" मालक ह्यांच्या बाजूनेच बोलत होते, हीच तर आफत. ह्यांनी आयुष्यभर जे नाव कमावलं, तेच आता पट्टीताईच्या आड आलं होतं. चांगल्या माणसाचं खरंसुद्धा कुणी खरं मानेना.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओळखलं, आता काय सांगावं लागणार ते. आणि मी मान हलवून "नको" म्हटलं. त्या क्षणी मला पट्टीताईची पर्वा नव्हती, हे मी कबूल करते. मला माझा माणूस हवा होता, सगळ्यांच्या डोळ्यांत होता तसा.

ह्यांनी माझं ऐकलं नाही.

"मला आठवत नाही," हे मालकांना म्हणाले. "मी केलं आणि मला आठवत नाही. आज मी तेच काम दोनदा चुकलो, तुम्ही समोर होतात. हिने सांगितलं म्हणून जमलं. माझं विसरणं सुरू झालंय. कधीपासून, तेही मला आठवत नाही. हिला विचारा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. चहाचा दुसरा कप, दीर, सगळं. पट्टीताईने आपली पिशवी खाली ठेवली आणि ती ह्यांच्याकडे बघायचं टाळून जमिनीकडे बघत राहिली.

मालक वाईट माणूस नाही. फक्त घाईत असतो. ते उठले, "ताई, उद्या या" एवढं तिला म्हणाले आणि बाहेर गेले. माफी वगैरे मागायची त्यांच्या घराण्यात रीत नाही.

आम्ही तिघंच उरलो. मला घरी जायचं होतं, दार लावून बसायचं होतं. पण हे शेडकडे निघाले आणि पट्टीताईला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा या." 'तुम्ही' आलं होतं परत. मीही मागे गेले.

कॉम्प्युटरसमोर बसून ह्यांनी आधी कर्नलला पुन्हा कुलूप घातलं. मग घरून आत शिरायची आपली वाट बंद केली. प्रत्येक आज्ञा मोठ्याने म्हणून, एकेक पायरी. मग उठले आणि खुर्ची पट्टीताईकडे सरकवली.

"आता नवा पासवर्ड टाका. तुमच्या मनातला. दोनदा टाकावा लागतो."

"मी, भाऊ?"

"तुम्हीच. टेबल तुमचं आहे." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे होते. मागे कीबोर्डच्या कळा वाजत होत्या, ती एका बोटाने शोधून शोधून टाकत होती. वाजायच्या थांबल्या तेव्हा तसेच उभे राहून हे म्हणाले, "कॉम्प्युटरचा कुणी चांगला माणूस मिळाला की त्याला हा पासवर्ड सांगा. मला सांगू नका. मी मागितला तरी सांगू नका. मी कसाही बोललो तरी."

"बरं," ती म्हणाली.

हे अजून माझ्याबरोबर रोज कारखान्यात येतात. मालकांनी नको म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात, जुने प्लग उघडतात, जोडतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. मुलीला सगळं सांगितलं, ती फोनवर रडली, मग माझ्यावरच चिडली. बरोबर आहे तिचं.

परवा हे मधेच उठले आणि शेडमध्ये गेले. थोड्या वेळाने ह्यांचा आवाज आला. "पासवर्ड कुणी बदलला?"

"मी, भाऊ," पट्टीताईचा आवाज.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही विचारलं."

"तुझी हिंमत कशी झाली? हे मशीन मी उभं केलंय! तुला काय कळतं त्यातलं? बोल, काय आहे पासवर्ड?"

तिने सांगितला नाही. हे तिला वाटेल ते बोलत सुटले, चोर म्हणाले, बेइमान म्हणाले. सगळी शेड ऐकत होती. मी खुर्ची मागे सारून दारापर्यंत गेले, सांगायला, की अहो, तुम्हीच, तुम्हीच सांगितलंत तिला. पट्टीताई मान खाली घालून उभी होती. तिने मला पाहिलं आणि ह्यांना दिसणार नाही अशा बेताने हाताने खूण केली, बसा म्हणून.

मी परत येऊन बसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या खिडकीचं माप पुन्हा विचारलं.